2,02,892 रुपये: तोंडाच्या कॅन्सरच्या एका हिशेबाची उलटतपासणी

परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने 2021 मध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या उपचारखर्चाचे दोन आकडे प्रसिद्ध केले. आजार सुरुवातीच्या टप्प्यात सापडला तर एका रुग्णामागे 1,17,135 रुपये, आणि वाढल्यावर सापडला तर 2,02,892 रुपये. सोबत एक टक्केवारी होती: वाढलेल्या आजाराचा उपचार 42 टक्क्यांनी महाग.

मी कॉस्ट अकाउंटंट आहे. टक्केवारी दिसली की ती कशाच्या पायावर उभी आहे ते आधी पाहायचं, ही धंद्याची सवय. दोन आकड्यांतला फरक 85,757 रुपये. याला 2,02,892 ने भागलं की 42 टक्के येतात. पण सुरुवातीच्या टप्प्यापेक्षा वाढलेला आजार किती महाग, असं विचारायचं असेल तर पाया सुरुवातीच्या टप्प्याचाच धरायला हवा. 85,757 ला 1,17,135 ने भागलं की उत्तर येतं 73 टक्के. म्हणजे लवकर सापडल्यास 42 टक्के वाचतात, आणि उशीर झाल्यास 73 टक्के जास्त लागतात. रुपये तेच, फरकही तोच. ‘42 टक्क्यांनी महाग’ या वाक्यात मात्र उशिराची किंमत बरीच कमी दिसते.

संशोधकांची चूक काढायला मी हे लिहीत नाही. त्या टक्केवारीच्या खाली असलेले रुपये फार कष्टाने मोजलेले आहेत. आपल्याकडे हॉस्पिटलचे दर सगळ्यांना माहीत असतात, खर्च कुणालाच माहीत नसतो. अशा परिस्थितीत एका सार्वजनिक हॉस्पिटलने स्वतःचा खर्च रुग्णागणिक मोजून जगापुढे ठेवला. म्हणूनच हा हिशेब ओळीओळीने वाचण्याच्या लायकीचा आहे. त्यात काय धरलं, काय बाहेर राहिलं आणि जे बाहेर राहिलं ते कुणी भरलं, एवढंच या प्रकरणात मला तपासायचं आहे.

परळमधले 100 रुग्ण

ऑक्टोबर 2019 ते मार्च 2020 या काळात टाटामध्ये आलेले तोंडाच्या कॅन्सरचे 100 रुग्ण या अभ्यासात घेतले गेले. डोकं-मान विभागातले डॉ. अर्जुन सिंग आणि डॉ. पंकज चतुर्वेदी हे या कामातले प्रमुख. अभ्यास पुढे पाहत जाणारा होता, म्हणजे जुन्या फायली उपसून अंदाज बांधला नाही. रुग्णाला जी सेवा मिळत गेली ती त्या त्या वेळी टिपत गेले.

हाच आजार का, हे महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला नको. मिश्री, तंबाखू-चुना, मावा, गुटखा. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि पानटपरीवरची पुडी अजून हटलेली नाही. जगभरातल्या कॅन्सरची आकडेवारी देणाऱ्या ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार 2020 मध्ये भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे 1,35,929 नवे रुग्ण होते. त्यातले 60 ते 80 टक्के आजार वाढल्यावरच डॉक्टरांपर्यंत पोचतात, असं इथले तज्ज्ञ सांगतात. गालाच्या आतला पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम आरशात दिसते, बोटाला लागते. शरीरातला हा एक असा कॅन्सर आहे जो उघड्या डोळ्यांनी पाहता येतो, आणि तरी तो उशिरा सापडतो.

खर्च कुणाचा?

खर्च मोजायला बसण्याआधी हा एक प्रश्न सुटला पाहिजे. एकच सीटी स्कॅन घ्या. हॉस्पिटलला तो करायला अमुक खर्च आला: यंत्राचा घसारा, तंत्रज्ञाचा पगार, वीज, शिरेतून द्यायचं औषध. बिलात लावला तो आकार वेगळा. सरकारी योजनेने हॉस्पिटलला दिले ते पॅकेजचे, म्हणजे त्या उपचारासाठी ठरवून दिलेल्या दराचे, पैसे आणखी वेगळे. आणि रुग्णाच्या खिशातून गेले ते यातल्या कशाशीच जुळत नाहीत, कारण त्यात गाडीभाडं आणि बुडालेला रोज धरावा लागतो.

टाटाचा अभ्यास यातला पहिला खर्च मोजतो. सेवा देणाऱ्याच्या बाजूने, आणि तोही फक्त थेट वैद्यकीय. ही निवड योग्य होती असं माझं मत आहे, कारण टाटासारख्या ठिकाणी बिलावरून खर्च कळूच शकत नाही. जनरल वर्गातल्या रुग्णाला सवलतीच्या दरात किंवा मोफत उपचार मिळतात, खाजगी वर्गातला रुग्ण जास्त भरतो, आणि मधली पोकळी सरकारी अनुदान व देणग्या भरून काढतात. 1962 पासून ही संस्था अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहे. इथलं बिल म्हणजे संस्थेच्या धोरणाची गोष्ट आहे, खर्चाची नाही.

अमेरिकेत हाच पेच उलट्या बाजूने येतो. तिथे हॉस्पिटलचं बिल खर्चापेक्षा फुगलेलं असतं, म्हणून संशोधक हॉस्पिटलच्या वार्षिक अहवालातून खर्च आणि बिलात लावलेला आकार यांचं गुणोत्तर काढतात व बिलाला त्याने गुणतात. किंवा 65 वर्षांवरच्या लोकांसाठी असलेल्या मेडिकेअरने प्रत्यक्ष चुकते केलेले पैसे हाच खर्च मानून चालतात. आपल्याकडे त्या जागी महात्मा जोतीराव फुले योजनेचे किंवा आयुष्मान भारतचे पॅकेज-दर वापरायचा मोह होतो. पण तो दर बरोबर आहे का, हे तपासायलाच तर खर्च मोजायचा असतो. दराने खर्च मोजला तर आपण गोल फिरून तिथेच येतो.

खालून वर

मोजायच्या दोन रीती आहेत. वरून खाली येताना संस्थेचा वर्षाचा एकूण खर्च घ्यायचा, तो विभागांत वाटायचा, खाटांच्या दिवसांनी किंवा तपासण्यांच्या संख्येने भागायचा. काम लवकर होतं. पण त्या सरासरीत रक्ताच्या कॅन्सरचं लेकरू आणि फक्त बायॉप्सी करून घरी गेलेला माणूस एकाच मापाने मोजले जातात. खालून वर जाताना एका रुग्णाच्या मागे मागे चालायचं. केसपेपर, बायॉप्सी, स्कॅन, भूलतपासणी, शस्त्रक्रियेची मिनिटं, टाके, ड्रेसिंग, वॉर्डातले दिवस, सगळं वेगळं मोजायचं आणि बेरीज करायची. टाटाने ही दुसरी वाट धरली.

आता या वाटेवरचा सर्वांत अवघड ओढा म्हणजे यंत्रं. या अभ्यासातल्या भांडवली खर्चापैकी 97.8 टक्के वाटा वैद्यकीय उपकरणांचा निघाला, आणि त्यात सर्वांत मोठा हिस्सा रेडिओलॉजीचा, म्हणजे सीटी, एमआरआय, पेट स्कॅन यांचा. हॉस्पिटलच्या हिशेबात औषधांच्या बाटल्या सगळ्यांना दिसतात. भिंतीमागे उभं असलेलं यंत्र रोज किती रुपये खातं हे कुणी विचारत नाही.

ते विचारायचं कसं, यासाठी एक नुसतं उदाहरण घेऊ. यातले आकडे टाटाचे नाहीत, समजण्यासाठी मी धरलेले आहेत. समजा 10 कोटींचं यंत्र 10 वर्षं चालणार आहे. सरळ भागाकार केला तर वर्षाला 1 कोटी. पण तेच 10 कोटी दुसरीकडे गुंतवता आले असते, म्हणून अर्थशास्त्रात 3 टक्के दर धरून वर्षाचा हप्ता काढतात. तो साधारण 1 कोटी 17 लाख येतो. आता या यंत्रावर वर्षाला 8,000 स्कॅन झाले तर एका स्कॅनच्या वाट्याला सुमारे 1,465 रुपये. एखाद्या जिल्ह्याच्या गावी तेच यंत्र वर्षाला 2,000 स्कॅन करत असेल तर 5,860 रुपये. यंत्र तेच, खर्च चौपट.

म्हणून टाटाचा आकडा वाचताना तो टाटाचा आहे हे विसरता येत नाही. देशभरातून लोक जिथे येतात, यंत्र जिथे क्वचित थांबतं, शल्यविशारद जिथे तीच शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं करत आलेले असतात, तिथला खर्च जालना किंवा गोंदियाला तसाच्या तसा लावणं धोक्याचं. त्या दराने पॅकेज ठरवलं तर लहान हॉस्पिटलला तोटा येईल, आणि तोटा आला की ते हॉस्पिटल एक तर रुग्ण पुढे पाठवेल किंवा फरक रुग्णाकडून वसूल करेल. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने देशभरातल्या सरकारी-खाजगी हॉस्पिटलांतून सेवांचा खर्च गोळा करायचं मोठं काम केलं आणि आयुष्मान भारतचे दर सुधारताना त्याचा उपयोग झाला, तो याचसाठी. तिथे दोन्ही रीती मिसळून वापरल्या होत्या: जिथे रुग्णागणिक नोंद मिळते तिथे खालून वर, आणि वीज, धुलाई, प्रशासन अशा सामाईक खर्चांसाठी वरून खाली.

यापुढचीही एक पायरी आहे. 2011 मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट कॅप्लन आणि मायकेल पोर्टर यांनी आरोग्यसेवेसाठी मिनिटांवर आधारलेली पद्धत मांडली, आणि तिचा एक प्रयोग ह्युस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये डोकं-मान विभागातच झाला. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या एका मिनिटाची किंमत काढायची आणि रुग्णासोबत कोण किती मिनिटं होतं ते नोंदायचं. याने नुसता खर्च कळत नाही, वेळ कुठे वाया जातो तेही कळतं. आपल्या ओपीडीत एक नर्स एका वेळी चार कामं करते आणि डॉक्टरांभोवती सहा नातेवाईक उभे असतात. तिथे घड्याळ लावायला माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न आहेच. तरी एखाद्या विभागापुरतं हे करून पाहायला हवं असं मला वाटतं.

उशीर कुठे महाग पडतो

सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेकदा शस्त्रक्रिया पुरते. गाठ काढली, गरजेप्रमाणे मानेतल्या गाठी काढल्या, काही दिवसांत माणूस घरी. आजार वाढला की जबड्याचं हाड जातं, गालाची कातडी जाते, आणि तिथे मांडीचं मांस किंवा पायातलं हाड रक्तवाहिन्यांसकट आणून बसवावं लागतं. शस्त्रक्रिया दिवसभर चालते, दोन तुकड्या काम करतात, श्वासासाठी गळ्याला छिद्र, अन्नासाठी नाकातून नळी. या अभ्यासात शस्त्रक्रियेचा बदलता, म्हणजे रुग्णागणिक कमीजास्त होणारा, खर्च वाढलेल्या आजारात 1.4 पट निघाला. आणि शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन किंवा केमोची जोड द्यावी लागली की उपचाराचा सरासरी खर्च 44.6 टक्क्यांनी चढला.

आणखी एक निष्कर्ष आहे, जो मला सर्वांत जास्त टोचला. रुग्णाचा आर्थिक-सामाजिक स्तर वाढत गेला तसा हॉस्पिटलला पडणारा खर्च 11 टक्क्यांनी कमी झाला. पहिल्यांदा वाचताना उलटं वाटतं, कारण श्रीमंताला जास्त सोयी मिळतात, त्याचा खर्च जास्त यायला हवा. माझ्या समजुतीप्रमाणे यामागे उशीर आहे. ज्याचा रोज बुडतो तो जखम भरायची वाट पाहतो, मेडिकलमधून मलम आणतो, सुगी झाल्यावर जाऊ म्हणतो. गरीब माणूस उशिरा येतो, खंगून येतो, आणि मग त्याचा उपचार हॉस्पिटललाच महाग पडतो. गरिबीचा हा बोजा शेवटी सार्वजनिक तिजोरीवर येतो, आणि तो रुपयांत मोजता आला हे या अभ्यासाचं मोठं काम आहे.

100 वरून देशावर

याच हिशेबातून पुढे असं सांगितलं गेलं की 2020 मध्ये भारताने तोंडाच्या कॅन्सरच्या उपचारावर सुमारे 2,386 कोटी रुपये खर्च केले. तुलना करायची तर 2019-20 च्या अर्थसंकल्पात आयुष्मान भारतच्या विमा योजनेसाठी सुरुवातीला 6,400 कोटींची तरतूद होती. एकट्या तोंडाच्या कॅन्सरचा आकडा तिच्या 37 टक्क्यांइतका भरतो.

मी हा आकडा उलटा सोडवून पाहिला. 2,386 कोटींना 1,35,929 रुग्णांनी भागलं तर माणशी सुमारे 1,75,500 रुपये येतात. सुरुवातीच्या आणि वाढलेल्या टप्प्यांचे दर माहीत आहेत, तेव्हा ही सरासरी यायला वाढलेल्या आजाराचे रुग्ण साधारण 68 टक्के असावे लागतात. 60 ते 80 टक्क्यांच्या चौकटीत हे बसतं. म्हणजे गणित जुळतं, आणि जुळतं म्हणूनच त्यातलं गृहीतक उघडं पडतं: सापडलेल्या प्रत्येक रुग्णाला टाटासारखा उपचार, टाटाच्या खर्चात मिळाला.

तसं घडत नाही. काही जण बायॉप्सीचा कागद घेऊन गावी जातात ते परत येत नाहीत. काही जण जडीबुटीवर तीन महिने घालवतात. काही खाजगी हॉस्पिटलांत जमीन विकून याच्या कितीतरी पट भरतात. म्हणून 2,386 कोटी हा ‘देशाने केलेला खर्च’ म्हणण्यापेक्षा ‘सगळ्यांना योग्य उपचार सार्वजनिक दरात दिला तर लागणारा खर्च’ म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं. सरकारपुढे मागणी ठेवायची तर हा दुसरा अर्थच जास्त कामाचा आहे.

वाढलेल्या आजाराचं प्रमाण 20 टक्क्यांनी घटवलं तर वर्षाला सुमारे 250 कोटी वाचतील, असंही या अभ्यासाच्या आधारे सांगितलं गेलं. इथेही पाया पाहावा लागतो. प्रमाण 68 टक्क्यांवरून 48 टक्क्यांवर आलं असं धरलं तर माझ्या हिशेबाने 233 कोटी येतात, म्हणजे जवळच. 68 चा पाचवा हिस्सा घटला असं धरलं तर 160 कोटींच्या आतबाहेर. शिवाय लवकर शोधायलाही पैसे लागतात, ते वजा करूनच बचत म्हणावी. तो खर्च किती हे सांगणारा दाखला आपल्याच देशात आहे. केरळात तिरुवनंतपुरम परिसरात 1996 पासून आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन बॅटरीच्या उजेडात तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांत मृत्यू घटले, आणि 2009 मध्ये आलेल्या हिशेबात अशा जोखमीच्या लोकांपुरती तपासणी ठेवल्यास वाचलेल्या आयुष्याच्या एका वर्षामागे 156 डॉलर खर्च निघाला. सरसकट सगळ्यांची तपासणी केल्यास 835 डॉलर.

घड्याळ कधी थांबवायचं

अमेरिकेत कॅन्सरचा खर्च तीन भागांत मोजतात: निदानानंतरचं पहिलं वर्ष, मधला सांभाळाचा काळ, आणि मृत्यूपूर्वीचं शेवटचं वर्ष. आलेख काढला तर दोन्ही टोकं उंच आणि मध्ये खोलगट. याच रीतीने तिथल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या संशोधकांनी 2010 चा खर्च 124.57 अब्ज डॉलर काढला आणि 2020 साठी 157.77 अब्जांचा अंदाज दिला. यासाठी माणूस निदानापासून अखेरपर्यंत नोंदीत राहावा लागतो. आपल्या 100 रुग्णांच्या हिशेबात मुख्य भर पहिल्या उपचारावर आहे. आजार उलटला तर, दोन वर्षांनी जबडा उघडेनासा झाला तर, शेवटच्या महिन्यांत मॉर्फिन आणि ड्रेसिंगसाठी खेपा घालाव्या लागल्या तर, त्या खर्चाचं काय? वाढलेल्या आजारात हे सगळं जास्त घडतं. म्हणून माझ्या मते 73 टक्क्यांचा फरकही कमीच दाखवतो.

मामींची वही

माझ्या मामांना गालाचा कॅन्सर झाला होता. सोलापूर जिल्ह्यातलं गाव, टेम्पोचा धंदा. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन मोठ्या शहरातल्या एका हॉस्पिटलात, योजनेच्या कार्डावर झालं. हॉस्पिटलच्या बाजूने त्यांचा हिशेब स्वच्छ होता: पॅकेज मंजूर, पॅकेज जमा, रुग्णाकडून घेणं काही नाही. मामींनी मात्र एक शंभर पानी वही ठेवली होती. मी ती मागून घेतली आणि एका सुट्टीच्या दिवशी तिची खाती पाडली.

शस्त्रक्रियेचे दिवस वहीत दोन पानांत संपतात. माणूस वॉर्डात, जेवण वॉर्डात, औषध वॉर्डातून. खरी वही सुरू होते ती रेडिएशनपासून. सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, 30 खेपा. प्रत्येक खेप काही मिनिटांची, पण त्यासाठी दोन माणसांनी दीड महिना परगावी राहायचं. हॉस्पिटलच्या खर्चपत्रकात ही 30 सत्रं आहेत. मामींच्या वहीत खोलीचं भाडं, रिक्षा, मिक्सर (नाकातल्या नळीतून देण्यासाठी जेवण गाळून पातळ करावं लागायचं), अंडी, प्रोटीन पावडर, तोंडात फोड आल्यावर लावायचं जेल, आणि दर आठवड्याला गावी फोन करून मागवलेले पैसे आहेत. शेवटचा पंधरवडा एका धर्मशाळेत जागा मिळाली. तिथे पानं एकदम रिकामी दिसतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणांनी किती घरांची वही अशी रिकामी ठेवली असेल! कुटुंबाच्या हिशेबात तो खर्च शून्य. समाजाच्या हिशेबात तो शून्य नाही, कारण ते जेवण कुणीतरी दिलेलं आहे.

एका घरच्या वहीवरून देशाबद्दल बोलता येत नाही. पण 2023 मध्ये पीजीआयच्या पुढाकाराने सात हॉस्पिटलांतल्या 12,148 कॅन्सर रुग्णांचा पदरचा खर्च प्रसिद्ध झाला, आणि त्याची दिशा मामींच्या वहीसारखीच आहे. एका रुग्णामागे वर्षाला पदरचा थेट खर्च सरासरी 3,31,177 रुपये. ऐपतीबाहेरच्या खर्चाने कोलमडलेली कुटुंबं भरती होणाऱ्यांत 29.8 टक्के, तर बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेणाऱ्यांत 80.4 टक्के. आपल्या योजना बऱ्याच अंशी खाटेभोवती बांधलेल्या आहेत आणि माणूस मोडतो तो खाटेबाहेर. सरकारी पाहणीतही हेच निसटतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीत भरती झालेल्यांना मागच्या 365 दिवसांचं विचारलं, बाकी आजारपणाला मागच्या 15 दिवसांचं. सहा आठवड्यांचं रेडिएशन 15 दिवसांच्या खिडकीतून किती दिसणार?

इथे एक सावधगिरी. टाटाचे 2,02,892 आणि या अभ्यासातले 3,31,177 यांची बेरीज करून ‘एकूण खर्च’ काढायचा नाही. रुग्णाने हॉस्पिटलला भरलेले पैसे दोन्हीकडे येतील, आजार वेगळे, हॉस्पिटलं वेगळी. समाजाचा खर्च काढायचा तर हॉस्पिटलचा खरा खर्च एकदा धरायचा, त्यात रुग्णाचा बिगरवैद्यकीय खर्च घालायचा, आणि बुडालेली कमाई घालायची. योजनेतून आलेले पैसे, उसनवारी, देणगी हे हातबदल आहेत, तो खर्च नव्हे.

उसनवारीपाशी मी अडखळलो. मामींच्या वहीत ‘बांगड्या, सोनार’ अशी एक ओळ आहे आणि पुढे दर महिन्याला व्याज. अर्थशास्त्राच्या काटेकोर भाषेत व्याज म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा. समाजाच्या बेरजेत तो येत नाही. पण ज्या घराने तो दिला त्याच्यासाठी ते आजारपणाचंच बिल आहे, आणि कुटुंबाच्या बाजूने मोजताना मी ते धरणार. पुढचा अभ्यास जो कुणी करेल त्याने रुग्णाच्या हातात पहिल्याच दिवशी अशी वही द्यावी आणि तिच्यात व्याजाचा रकाना आखून द्यावा. सहा महिन्यांनी आठवून सांगायला लावलं तर लोकांना शस्त्रक्रियेचे पैसे आठवतात, रिक्षाचे आठवत नाहीत.

मामांच्या कमाईचा हिशेब सोपा होता. टेम्पो किती दिवस उभा राहिला, एरवी दिवसाला काय सुटायचं, गुणाकार. मामींच्या वेळेचा हिशेब मला जमेना. दीड महिना शहरात, मग घरी नळीने भरवणं, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. याची किंमत लावायच्या दोन रीती आहेत: हेच काम पगारी माणसाकडून करून घेतलं असतं तर काय लागलं असतं, किंवा त्या वेळात त्यांनी स्वतः काय कमावलं असतं. दुसरी रीत वापरायची म्हणून मी त्यांना फोन केला आणि विचारलं, “मामी, तुमचे किती दिवस खाडे झाले ते वहीत कुठंच नाही.”

“माझे कसले खाडे रे,” त्या म्हणाल्या, “मी काय नोकरीला होते?”

मामी ब्लाउज शिवायच्या. गल्लीतल्या लग्नसराईची शिलाई त्यांच्याकडेच यायची. मी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी आठवून सांगितलं की मामा आजारी पडले त्या दिवाळीला मशीनवर अभ्रा घातला, तो काढला पुढच्या वर्षीच्या मार्गशीर्षात. मी वहीच्या शेवटच्या पानावर माझ्या अक्षरात एक ओळ वाढवली: शिलाई मशीन, 13 महिने बंद. समोरचा रुपयांचा रकाना अजून भरायचा आहे. त्या वर्षी कोणाकोणाची शिलाई परत पाठवली, याची यादी मामी करत आहेत.